शहाणपणाचा अर्ज

३ फेब्रुवारी २०२५, गेंट

युरोपीय संघाच्या इराझ्मस प्लस कार्यक्रमातल्या छोट्या भागीदारीचा अर्ज ५ मार्चला दुपारी बाराच्या आत गेला पाहिजे. बाराच का, कोण जाणे. युरोपभरच्या लहान संस्थांचे एकदम बारा वाजवायचे तर मुहूर्तही तसाच हवा. आमची संस्था म्हणजे अडीच माणसं (त्यातली अर्धी मी), एक प्रोजेक्टर आणि समाजकेंद्रात दर गुरुवारी मिळणारी एक खोली. साठीपुढच्या लोकांना मोबाइलवर येणारं खरं-खोटं पारखायला शिकवायचं, हे काम.

पैसे दोनच मापांत मिळतात, ३०,००० युरो किंवा ६०,०००. रक्कम ठरीव असते. पावत्या मागत नाहीत, काम झालं का ते बघतात. किमान दोन देशांतल्या दोन संस्था लागतात. फिनलंडमधल्या एका वाचनालयाने हो म्हटलंय, ताम्पेरेजवळच्या. आम्ही ६०,००० मागणार. दोन वर्षांचं काम, दोघांत वाटून. ऐकायला बरे वाटतात, पण पगार, प्रवास आणि खोलीचं भाडं मांडलं की तळ दिसतो.

आज फक्त पहिलं पान भरलं. नाव, नोंदणी क्रमांक, बँक. माणसाला स्वतःचं नाव लिहितानाही इतका घाम फुटू नये.

६ फेब्रुवारी

वर्गाला नऊ जण होते. घरी आल्यावर शब्दांवर अडले.

अर्ज इंग्रजीत चालला आहे, पण डोक्यात चार भाषा. फ्रेंच लोक ‘माध्यमांचं शिक्षण’ म्हणतात. जर्मन ‘मेडियेनकॉम्पेटेन्झ’ म्हणतात, म्हणजे क्षमता. फिनिश शाळांच्या अभ्यासक्रमात ‘मोनिलुकुताइतो’ आहे, अनेक प्रकारचं वाचन येणं. आणि आमच्या इथल्या डचमध्ये ‘मीडियावाइसहाइट’, म्हणजे माध्यमांबाबतचं शहाणपण. हा शब्द नेदरलँड्सच्या संस्कृती परिषदेने २००५ साली रूढ केला. तोवर तिथेही ‘माध्यमशिक्षण’च चालायचं. शिक्षण शाळेपुरतं राहतं, शहाणपण नागरिकाला जन्मभर लागतं, असा काहीसा त्यांचा युक्तिवाद होता.

मराठीत आपण ‘माध्यमसाक्षरता’ म्हणतो. साक्षर म्हणजे अक्षर ओळखणारा. शहाणा ही पुढची गोष्ट.

रात्री मिरजेला आईला फोन केला. नव्वदच्या दशकात ती साक्षरतेच्या मोहिमेत रात्रीचे वर्ग घ्यायची. शाळेतून येऊन भाकऱ्या थापायच्या आणि पुन्हा बाहेर पडायचं. तिला विचारलं, तुमच्या बायका शिकल्या म्हणजे नक्की काय शिकल्या? ती म्हणाली, “सही. वरच्यांना आकडा हवा असायचा ना, किती जणी सही करायला लागल्या त्याचा. अगं, अंगठा होता तोवर बाई भिऊन चार जणांना विचारायची. सही आली तशी कशावरही ठोकायला लागली. सहा महिन्यांनी मोहीम संपली, कंदील परत गेले, आणि वाचायला शिकवायचं राहिलंच.”

फोन ठेवल्यावर अर्जातलं ‘अपेक्षित फलित’ हे कलम पुन्हा वाचलं. ‘नव्वद टक्के सहभागींना खोटी बातमी ओळखता येईल’ असं मी लिहून ठेवलं होतं. म्हणजे मीही सह्याच मोजत होते.

११ फेब्रुवारी

सुरक्षित इंटरनेट दिन. सगळीकडे भित्तिपत्रकं, शाळांत कार्यक्रम, मंत्र्यांची छायाचित्रं. सुरक्षित इंटरनेटची केंद्रं अंशतः युरोपीय संघाच्या पैशावर चालतात. चांगली चालतात. तक्रार नाही, पण एक दिवस झाला की भित्तिपत्रकं उतरतात आणि गोंद भिंतीवर राहतो.

संघाच्या पातळीवर माध्यमसाक्षरता कायद्यात कधी आली ते आज नीट काढलं, अर्जात संदर्भ द्यायचा म्हणून. युरोपीय आयोगाने पहिलं मोठं निवेदन काढलं २००७च्या डिसेंबरात. शिफारस आली २००९ मध्ये. मग २०१८ साली दृक्‌श्राव्य माध्यमसेवांचा निर्देश सुधारला तेव्हा त्यात ३३-अ हे कलम आलं. सदस्य देशांनी माध्यमसाक्षरतेची कौशल्यं वाढवावीत, त्यासाठी उपाय करावेत, आणि दर तीन वर्षांनी आयोगाला अहवाल द्यावा. पहिला अहवाल १९ डिसेंबर २०२२ पर्यंत द्यायचा होता, म्हणजे पुढचा यंदाच्या डिसेंबरात.

उपाय करा, असं म्हटलंय. किती करा, कोणाच्या पैशाने करा, नाही केले तर काय, यातलं एक अक्षर नाही. त्यालाही कारण आहे. शिक्षण ही प्रत्येक देशाची स्वतःची बाब, तिथे संघाला फार तर हातभार लावता येतो. म्हणून ब्रुसेल्सकडून येतो तो प्रकल्प. शिक्षकाचा पगार देता येत नाही, शिक्षकांच्या सहलीला देता येतो. (हे जरा खवचट झालं. अर्जात लिहिणार नाही.)

संघाच्याच क्रिएटिव्ह युरोप या कार्यक्रमाचे सात वर्षांचे साधारण २.४४ अब्ज युरो. सिनेमा आणि संस्कृती यांचे वाटे काढून सगळ्यांना जोडणाऱ्या तिसऱ्या शाखेला सुमारे नऊ टक्के, आणि त्या शाखेच्या एका कोपऱ्यात आमचा विषय. लग्नातल्या शेवटच्या पंगतीसारखा. जिलबी संपलेली असते, आग्रह मात्र चालू असतो.

१३ फेब्रुवारी

ब्रुसेल्समध्ये पेन्शनच्या प्रश्नावर प्रचंड मोर्चा. बस नाहीत. वर्ग रद्द. वर्गातले निम्मे मोर्चात होते असं नंतर कळलं. छान.

१७ फेब्रुवारी

ताम्पेरेच्या वाचनालयातल्या बाईंशी तासभर बोलणं झालं. पडद्यावर त्यांच्यामागे बर्फ, माझ्यामागे सुकत घातलेले मोजे.

फिनलंड हे या क्षेत्रातलं पंढरपूर. ज्याला त्याला तिकडे वारी करायची असते. सोफियाच्या ओपन सोसायटी इन्स्टिट्यूटचा माध्यमसाक्षरता निर्देशांक २०१७ पासून निघतो आणि फिनलंड दर वेळी पहिला. त्या बाईंना मी तसं म्हटलं तर त्या हसल्या. तो निर्देशांक साक्षरता मोजतच नाही, म्हणाल्या. खरंच आहे. त्यात वृत्तस्वातंत्र्याचे गुण, पंधरा वर्षांच्या मुलांचे पिसा चाचणीतले गुण, उच्चशिक्षितांचं प्रमाण आणि लोकांचा एकमेकांवरचा विश्वास, असं एकत्र शिजवलेलं असतं. म्हणजे ज्या देशाची शाळा बरी, वर्तमानपत्र बरं आणि शेजारी बरा, तो देश पहिला. त्यात आमच्यासारख्या कार्यशाळेचा वाटा किती, ते कोणी सांगत नाही.

मग तुमच्याकडे नक्की आहे काय, असं विचारलं. त्यांनी जे सांगितलं त्यात एकही चमकदार गोष्ट नव्हती. २०१४चा राष्ट्रीय अभ्यासक्रम २०१६च्या ऑगस्टपासून शाळांत आला. त्यात अनेकविध वाचन हे वेगळा विषय म्हणून नाही, सगळ्या विषयांत मुरवलेलं. गणिताच्या तासाला फसवा आलेख, इतिहासाच्या तासाला जुना प्रचार, चित्रकलेत जाहिरात. राष्ट्रीय दृक्‌श्राव्य संस्थेला, ‘कावी’ला, माध्यमशिक्षण वाढवण्याचं काम कायद्यानेच दिलेलं. पहिलं राष्ट्रीय धोरण २०१३ मध्ये आलं, मुख्यतः मुलांसाठी. २०१९च्या धोरणात सगळ्या वयाचे आले, म्हाताऱ्यांसकट. आणि वाचनालयं, जी पूर्वीपासून होतीच.

“तुम्ही यासाठी अर्ज करत नाही?” माझा भाबडा प्रश्न.

“मी ग्रंथपाल आहे. हे माझं कामच आहे,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, स्वयंसेवी संस्थांना आमच्याकडेही दर वर्षी अनुदान मागावं लागतं, असं त्यांनी प्रामाणिकपणे जोडलं.

‘हे माझं कामच आहे.’ या वाक्याला युरोपीय अर्जात रकाना नाही. गेल्या साली दुसऱ्या एका निधीच्या अर्जात विचारलं होतं, तुमच्या प्रकल्पात नवीन काय? तिसऱ्यांदा तोच वर्ग घेणं हेच खरं तर आमचं मोठं काम होतं. पण तेच ते करतो म्हणून पैसे कोण देणार? मग जुन्याच वर्गाला ‘आंतरपिढी संवादप्रयोगशाळा’ म्हटलं. एका नातवाला बोलावून बसवलं.

याउलट फ्रान्समध्ये ‘क्लेमी’ नावाचं केंद्र १९८३ पासून आहे, शिक्षणखात्याच्या छत्राखाली. शिक्षकांना घडवतं, दर वसंतात शाळांमध्ये वृत्तपत्र-सप्ताह भरवतं. बेचाळीस वर्षं तेच ते. २०१५च्या जानेवारीत ‘शार्ली एब्दो’ या साप्ताहिकावर हल्ला झाला, सगळा देश ‘शाळेत काय शिकवतो आपण’ म्हणून कपाळाला हात लावून बसला, तेव्हा निदान दार ठोठावायला हे केंद्र जागेवर होतं. एस्टोनियात गिम्नेशियमच्या मुलांना ३५ तासांचा सक्तीचा अभ्यासक्रम असतो, ‘माध्यमं आणि प्रभाव’ असा. पस्तीस तास!

२० फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहायची लाज वाटते, म्हणूनच लिहिते.

वर्ग रंगला होता. वीस छायाचित्रं दाखवली, बहुतेक बनावट. कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली, जुनी नव्या नावाखाली, कापलेली. सहा बोटांचा हात दिसला की हशा. शेवटी मी विचारलं, आज काय घेऊन जाणार?

पहिल्या रांगेतले आजोबा, निवृत्त ट्रामचालक, माझा सगळ्यात नियमित विद्यार्थी. छाती फुगवून म्हणाले, “आता मी कशावरच विश्वास ठेवत नाही. संध्याकाळच्या सरकारी बातम्यांवरसुद्धा नाही. सगळं बनवता येतं, तूच दाखवलंस.” टाळ्या पडल्या. माझ्यासाठी!

शहाणं करायला गेले आणि दीडशहाणा करून बसले. हा शब्द डचमध्ये नाही, तिथे ‘सर्वज्ञ’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात. पण दीडशहाणा हा सर्वज्ञ नसतो. त्याच्याकडे शहाणपण असतं, वर अर्धं जास्तच असतं, आणि तेच अर्धं त्याला बुडवतं.

हे माझ्या एकटीचं पाप नाही, एवढंच समाधान. केंब्रिजच्या संशोधकांनी एका डच गटाबरोबर २०१८ साली एक खेळ काढला होता, त्यात तुम्हीच खोट्या बातम्यांचे कारखानदार बनता आणि युक्त्या ओळखायला शिकता. गाजला, भाषांतरं झाली. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी अशा खेळांच्या प्रयोगांचे आकडे पुन्हा वेगळ्या पद्धतीने तपासले. त्यांचा निष्कर्ष असा की, खेळलेल्यांना खरं-खोटं जास्त चांगलं ओळखता येत नव्हतं. ते सरसकट जास्त गोष्टींना खोटं म्हणू लागले होते, त्यात खऱ्याही आल्या. आमचे आजोबा, तंतोतंत. आणि पैसे देणाऱ्यांना जे मोजमाप पाठवतात (‘किती बनावट ओळखल्या?’) त्यात हा माणूस शंभरपैकी शंभर मिळवतो. सगळंच खोटं म्हटलं की एकही बनावट सुटत नाही.

रात्री ते ‘नव्वद टक्के’ खोडलं.

२४ फेब्रुवारी

काल जर्मनीची निवडणूक झाली. आमच्या अडीचातला एक जण आखनचा. तो आज कामाला आला तोच निकालाचा चेहरा घेऊन. त्याच्याशी बोलताना तिथल्या व्यवस्थेचं कळलं, आणि मला ती भलतीच आवडली, कारण ती इतकी कंटाळवाणी आहे.

तिथे प्रत्येक घर महिन्याला १८.३६ युरो प्रसारणशुल्क भरतं. त्यातले जवळजवळ १.९ टक्के, म्हणजे घरामागे महिन्याला सुमारे ३५ सेंट, राज्यांच्या माध्यम-प्राधिकरणांना जातात. सोळा राज्यं, चौदा प्राधिकरणं. खाजगी वाहिन्यांना परवाने देणं, त्यांच्यावर नजर ठेवणं, आणि लोकांची माध्यमक्षमता वाढवणं ही त्यांची कामं. शुल्कावरून तिथे कायम भांडणं चालतात, पण ते ३५ सेंट ठिबकत राहतात.

पैसा कुठल्या खात्यातून येतो त्यावर धड्याचा सूरही ठरतो. शिक्षणखात्याचा असला तर मूल विद्यार्थी असतं. स्वीडनमध्ये १ जानेवारी २०२२ पासून ‘मानसिक संरक्षण’ नावाची स्वतंत्र सरकारी संस्था आहे. आणि २०२४च्या नोव्हेंबरात तिथे घरोघरी युद्ध-संकटाची जी पुस्तिका वाटली तिच्यात पाणी साठवण्याबरोबर खोट्या माहितीपासून सावध राहायचंही सांगितलंय. तिथे वाचक हा सैनिक झाला. रशिया शेजारी असताना ते समजतं. पण माझ्या ट्रामवाल्या आजोबांना मी शत्रूची भीती घालून शिकवायला लागले तर ते शत्रू शोधायला लागतील, आणि पहिला त्यांना माझ्यातच सापडेल.

आणि जर पैसा गूगलचा असला तर? लिस्बनचं गुलबेंकियन प्रतिष्ठान आणि फ्लॉरेन्सचं युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूट यांनी २०२१ साली एक निधी उभारला, त्यात गूगलने पाच वर्षांसाठी २५ दशलक्ष युरो घातले. कोणाला द्यायचे हे गूगल ठरवत नाही, त्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञ आहेत; तो नियम कागदावर स्वच्छ आहे. तरी मला जामदारखान्याच्या किल्ल्यांची म्हण आठवतेच. यूट्यूबवर पुढचा व्हिडिओ कोणता लावायचा हे ठरवणारी कंपनीच, तो पाहून बहकलेल्याला शिकवायचे पैसे देणार. आम्ही तिथे अर्ज करावा का यावर आमच्यात दोन दुपारी वाद झाला. केला नाही. तत्त्व म्हणून नाही, फॉर्म फार लांब होता म्हणून.

२७ फेब्रुवारी

आज बनावट एकही चित्र नाही. फक्त खऱ्या गोष्टी. एक बातमी घेतली, गेंटच्या एका रस्त्यावरच्या झाडतोडीची, आणि ती कुठून कुठे आली ते उलटं चालत गेलो. वार्ताहर कोणाशी बोलला, नगरपालिकेचा कागद कुठे बघायला मिळतो, छायाचित्राखाली कोणाचं नाव आहे. बातमी चुकली तर कोणाला कळवायचं, चूक छापतात का, कुठल्या पानावर. अर्ध्या तासात दोघांना डुलकी लागली. सहा बोटांच्या हाताला जी मजा असते ती पालिकेच्या कागदाला नसते.

घरचा अभ्यास दिला. पुढच्या वेळी आपापल्या वर्तमानपत्रातली एक छापील दुरुस्ती कापून आणा. आजोबा म्हणाले, “दुरुस्ती? ते कधी चूक कबूल करतात?” बघा शोधून, म्हटलं.

अर्जात नवं फलित लिहिलं. सहभागींना खोट्या बातमीइतकीच खरी बातमीही ओळखता यावी, आणि ती कशावरून खरी ते सांगता यावं. मोजणार कसं, हा पुढचा रकाना. दोन्ही प्रकारच्या बातम्या सारख्या संख्येने मिसळून देऊ, असं लिहिलं. साध्या वाक्यात लिहिलं. संस्थेचे प्रमुख म्हणाले, यात चमक नाही.

२८ फेब्रुवारी

किशिनाउहून संदेश आला. मोल्दोवातली ही मैत्रीण खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांना हेच शिकवते. तिच्या संस्थेचा बराचसा पैसा अमेरिकेचा होता. २० जानेवारीला वॉशिंग्टनहून परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवायचा आदेश निघाला, आणि तिचे वर्ग मधेच लटकले. तुमच्या अर्जात मला भागीदार करून घेता येईल का, असं विचारत होती.

नियम उघडला. मोल्दोवा क्रिएटिव्ह युरोपमध्ये आहे. पण इराझ्मसच्या छोट्या भागीदारीला संघाचे सदस्य किंवा कार्यक्रमाशी जोडलेले देशच चालतात. सर्बिया चालतो, तुर्कस्तान चालतो, मोल्दोवा नाही. रशियन भाषेतला अपप्रचार रोज ज्यांच्या उंबरठ्यावर येऊन पडतो, त्यांना या दारातून आत यायला बंदी, कारण दार वेगळ्या इमारतीचं आहे.

तिला कळवलं. ‘समजलं’ एवढंच उत्तर. संध्याकाळी तिने तिच्या वर्गाचं साहित्य पाठवलं, वापरा म्हणून. फुकट.

३ मार्च

शाळांना क्रोकसची सुट्टी लागली. अर्जाच्या प्रतिज्ञापत्रावर प्रमुखांची सही हवी आणि ते आर्देनच्या डोंगरात, जिथे मोबाइलला रेंज नाही. आईला सांगितलं तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. “बघ, शेवटी सहीवरच आलं,” म्हणाली.

५ मार्च

सही काल रात्री साडेदहाला आली, पेट्रोलपंपावरच्या वायफायवरून. आज अकरा वाजून अडतीस मिनिटांनी अर्ज पाठवला. पडद्यावर हिरवी खूण आली. निकालाला काही महिने. काम सुरू व्हायचं तर शरद उजाडेल. तोवर गुरुवारच्या खोलीचं भाडं कुठून, हा प्रश्न जसाच्या तसा. ताम्पेरेला कळवलं, त्यांचं उत्तर लगेच आलं. आज त्यांच्याकडे आजी-आजोबांचा टॅब्लेटचा वर्ग होता, अठरा जण आले.

६ मार्च

सुट्टीमुळे चारच जण. ट्रामवाले आजोबा लिफाफा घेऊन आले. आत नखाएवढा कागद, काळजीपूर्वक कापलेला. आठवडाभर रोज पेपर चाळून सापडलेला. बातमीत एका रस्त्याचं नाव चुकलं होतं, ते दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दुरुस्त केलं होतं. त्यांनी तो टेबलावर ठेवला, चष्मा लावला, पुन्हा वाचला.

“एवढ्याशा गोष्टीसाठी?” ते म्हणाले. मग कागद परत लिफाफ्यात घातला आणि लिफाफा कोटाच्या आतल्या खिशात.